पोरांना घेऊन गाडीने प्रागला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिक, न्युरेम्बर्ग, स्टुटगार्ट, फ्रँकफर्टकडची आपली मंडळी इस्टर आला की आणि मग परत समरच्या सुट्ट्या लागल्या की हेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवलंय. साधारण १ ते ९ वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. एका उत्तरात जे आलंय ते दुसऱ्यात परत लिहिलं नाहीये, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. म्युनिकहून प्राग किती लांब आहे? लहान मुलांना घेऊन एका दिवसात जमतं का?

जमतं. साधारण ३८० किमी आहे, न थांबता ४ तास. पण लहान मुलं असताना "न थांबता" हा शब्द विसरा, ६ तास धरून चला म्हणजे चिडचिड होत नाही. रस्ता सोपा आहे: ए९ ने वर, मग ए९३ ने रेगेन्सबुर्गवरून, मग ए६ ने वाइडहाउसला बॉर्डर, पलीकडे रोझवाडोव्ह, आणि तिथून डी५ सरळ प्लझेनवरून प्राग. फ्रँकफर्टवाल्यांना ५०० किमीच्या थोडं वर पडतं, ए३ ने न्युरेम्बर्ग आणि मग तोच ए६. फ्रँकफर्टहून ३ वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी तरी जाताना न्युरेम्बर्गला किंवा प्लझेनला एक रात्र टाकीन.

२. ट्रेन आहे की, मग गाडीच कशाला?

म्युनिकहून प्रागला थेट ट्रेन आहे, साडेपाच-सहा तास लागतात, म्हणजे वेळ जवळपास तेवढाच. मुलं ४-५ वर्षांच्या पुढची असतील आणि सामान कमी असेल तर ट्रेन खरंच चांगली, उगाच गाडीचा हट्ट नको. गाडी कामाची कधी, तर दोन मुलं, स्ट्रोलर, राइस कुकर, डायपरचा गठ्ठा असं सगळं असतं तेव्हा, किंवा आजी-आजोबा बरोबर असतात तेव्हा. एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा, गाडी प्रागपर्यंत जायला आहे, प्रागमध्ये फिरायला नाही. पोहोचलात की ती लावायची आणि परत निघेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. हे ज्यांना पटत नाही ते चार दिवस पार्किंग शोधत फिरतात.

३. किती दिवस पुरतात?

३ रात्री. दोन रात्रीत पहिला दिवस प्रवासात आणि शेवटचा आवराआवरीत जातो, मधला एकच दिवस उरतो आणि मग सगळे त्या एका दिवसात किल्ला, पूल, घड्याळ, झू सगळं कोंबायला बघतात. दिवसाला एक मोठी गोष्ट आणि एक खेळण्याची जागा, बस. कुठल्या गोष्टी ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. कधी जावं? ख्रिसमस मार्केटला जाऊ का?

मे, जून आणि सप्टेंबर सगळ्यात बरे. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या शहरात दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही असतात. ख्रिसमस मार्केट सुंदर असतं यात वाद नाही, पण ओल्ड टाउन स्क्वेअरवर डिसेंबरच्या संध्याकाळी स्ट्रोलर घेऊन गेलात तर मुलाला चार तास फक्त लोकांच्या जॅकेटचे खिसे दिसतात. जायचंच असेल तर सकाळी जा. आणि नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर विंटर टायर, चेकमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बर्फ-आइस असेल किंवा तापमान ४ डिग्रीच्या खाली असताना रस्त्यावर बर्फाची शक्यता असेल तर ते सक्तीचे आहेत.

५. बॉर्डरवर कागद काय लागतात? आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे.

चेक रिपब्लिक डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा नाही. पण प्रत्येकाचा, हो, ६ महिन्यांच्या बाळाचासुद्धा, ओरिजिनल पासपोर्ट आणि ओरिजिनल आउफेंटहाल्ट्सटिटेल (रेसिडेन्स) कार्ड बरोबर हवं. फोनमधला फोटो चालत नाही. या कार्डावर १८० दिवसांत ९० दिवस इतर शेंगेन देशांत फिरता येतं, त्यामुळे वीकेंड ट्रिपला काही प्रश्नच येत नाही. गाडीच्या रजिस्ट्रेशनचा कागद (त्सुलासुंग्सबेशाइनिगुंग टाइल १) गाडीत असू दे. एकच पालक मुलांना घेऊन जात असेल किंवा आईचं आणि मुलांचं आडनाव वेगळं असेल तर दुसऱ्या पालकाचं साधं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची कॉपी ठेवा, बहुतेक वेळा कोणी विचारत नाही पण विचारलं तर वाद घालत बसावं लागत नाही. बाळाचं कार्डच अजून आलेलं नसेल तर प्रश्न १९, आजी-आजोबांसाठी प्रश्न १८.

६. व्हिन्येट म्हणजे नक्की काय, कुठून घ्यायचं आणि काचेवर चिकटवायचं का?

चेक मोटरवेचा टोल. जर्मनीत कारला टोल नाही म्हणून आपण विसरतो. १ जानेवारी २०२१ पासून हे पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे, काचेवर काहीही चिकटवायचं नाही, गाडीच्या नंबरवर नोंद होते आणि कॅमेरे नंबर वाचतात. सरकारी साइटचं नाव एडाल्नित्से (edalnice), तिथूनच घ्या. सर्च केल्यावर वर ज्या जाहिराती येतात त्यातल्या बऱ्याच मधल्या दलालांच्या असतात, ते तेच व्हिन्येट वर स्वतःची फी लावून विकतात.

१ दिवस, १० दिवस, ३० दिवस आणि वर्षाचं असे प्रकार आहेत. एका दिवसाचं २०२४ मध्ये सुरू झालं आणि ते बघून सगळ्यांना वाटतं की जाताना एक आणि येताना एक घेऊ. हिशोब करा: २०२५ च्या दरात एका दिवसाचं २१० कोरुना आणि १० दिवसांचं २९०. म्हणजे दोनदा एका दिवसाचं घेण्यापेक्षा १० दिवसांचं स्वस्त पडतं. दर जानेवारीत बदलतात पण हे गणित साधारण असंच राहतं. एका दिवसाचं त्यांच्यासाठी, जे चेकमधून फक्त आरपार जातात.

७. व्हिन्येटमध्ये नंबर टाकताना लोक गोंधळ करतात म्हणे, नक्की कुठे?

दोन जागी. देश निवडताना जर्मनीऐवजी आधीच दिसतं तेच राहतं, आणि नंबरात इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल होते. घेतल्यावर त्याच साइटवर नंबर टाकून वैधता तपासता येते, दोन मिनिटांचं काम आहे, ते निघण्याआधी घरी बसून करा. भाड्याची गाडी असेल तर नंबर हातात आल्याशिवाय व्हिन्येट घेऊ नका, आयत्या वेळी दुसरी गाडी देतात. तेव्हा बॉर्डरपाशी पंपावर घेणं बरं. इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, पण जर्मन नंबरची असेल तर माफीची नोंद आधी त्याच साइटवर करावी लागते, आपोआप होत नाही. मागे ट्रेलर असेल तर त्याचं वेगळं लागत नाही.

८. चेकमध्ये गाडी चालवायचे नियम जर्मनीपेक्षा वेगळे आहेत का?

थोडे, पण जे आहेत ते महत्त्वाचे.

दारू शून्य. जर्मनीसारखं "एक बिअर चालते" इथे नाही, ०.० म्हणजे ०.०, आणि यात आदल्या रात्रीची बिअर सकाळी अंगात असली तर तीही मोजली जाते. ज्याला सकाळी गाडी चालवायचीये त्याने रात्री अल्कोहोल-फ्री प्यावी, चेक लोक स्वतः भरपूर पितात ती, कमीपणा वाटून घेऊ नका.

हेडलाइट दिवसाही, वर्षभर चालू. मोटरवेवर १३० ची मर्यादा, बाहेरच्या रस्त्यांवर ९०, गावात ५०. ए९ वर १६० ने आलेल्या पायाला बॉर्डर ओलांडल्यावर सांगून ठेवा. ट्रॅफिक जॅम झाला की डावी लेन डावीकडे, बाकी सगळ्या उजवीकडे, मधून अँब्युलन्सला वाट, हे जर्मनीसारखंच. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट डिकीत नको, सीटखाली हवं.

पंपावर डिझेलच्या नळीवर "नाफ्ता" लिहिलेलं असतं आणि पेट्रोलवर "नॅचरल ९५". नाव ऐकून भलतीच नळी लावू नका.

आणि ट्राम. ट्रामला जवळजवळ सगळीकडे अग्रहक्क आहे, झेब्रा क्रॉसिंगवरसुद्धा ट्राम पायी चालणाऱ्यांसाठी थांबायला बांधील नाही. जर्मनीत वाढलेल्या मुलांना झेब्रावर गाडी थांबतेच याची सवय असते, त्यामुळे हे त्यांना पहिल्याच दिवशी, पहिल्याच ट्रामसमोर उभं करून सांगा.

९. कार सीटचा नियम काय आहे? मोठा ९ वर्षांचा आहे, बूस्टर नको म्हणतो.

जर्मनीत १२ वर्षं पूर्ण किंवा १५० सेमी उंची, यातलं जे आधी होईल तोपर्यंत सीट. चेकमध्ये वयाचा संबंध नाही, उंची १५० सेमीपर्यंत आणि वजन ३६ किलोपर्यंत असेल तर सीट लागतेच. ९ वर्षांच्या मुलाला दोन्हीकडे बूस्टर लागणार, हट्ट केला तर पोलिसांचं नाव सांगा.

१०. वाटेत कुठे थांबायचं? मुलं दीड तासाच्या वर बसत नाहीत.

पहिला थांबा रेगेन्सबुर्ग, म्युनिकहून साधारण सव्वा तास. डॅन्यूबवरचा दगडी पूल १२ व्या शतकातला आहे, त्यावरून मुलांना पळू द्या, नदीकाठी डबा खा आणि निघा. उशीर होत असेल तर शहरात न शिरता ऑटोबानवरच्या साध्या पार्किंगला थांबा. मोठ्या रास्टहोफमध्ये (पंप आणि हॉटेल असलेल्या थांब्यावर) टॉयलेटला १ युरो पडतो (लहान मुलांचं छोटं गेट फुकट असतं), आणि फक्त डब्ल्यूसीची पाटी असलेल्या पार्किंगमध्ये काहीच पडत नाही, फरक स्वच्छतेचा.

दुसरा थांबा प्लझेन, प्रागच्या साधारण ९० किमी आधी. बिअरवालं पिल्सेन ते हेच, पण मुलांसाठी इथे टेकमानिया नावाचं सायन्स सेंटर आहे, जुन्या श्कोडा कारखान्याच्या आवारात, सगळं हात लावून बघायचं. तिथे अर्धा दिवस सहज जातो, म्हणून जाताना नको, परतीच्या दिवशी सकाळी प्रागहून निघून इथे थांबा, मुलं दमतात आणि पुढे बॉर्डरपर्यंत झोपतात. श्कोडा नावावरून आठवलं, छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्याला ज्यांचा कारखाना आहे ती कार कंपनी म्लादा बोलेस्लावची, तिचं म्युझियम प्रागपासून तासाभरावर आहे. प्लझेनची श्कोडा आता वेगळी कंपनी, ती ट्राम बनवते, प्रागच्या रस्त्यावर तिच्या लांबलचक ट्राम दिसतील. आमच्या ओळखीतले संभाजीनगरचे एक काका ही माहिती दर वळणावर परत सांगतात.

११. राहायचं कुठे आणि गाडी कुठे लावायची?

जुन्या शहरात अजिबात नको. फोटोत छान दिसतं, पण गल्ल्या अरुंद, फरशी खडबडीत, रात्री आवाज, आणि पार्किंग नाही. स्मिखोव्ह (आंद्येल मेट्रोच्या आसपास), कार्लीन, विनोहराडी, होलेशोवित्से यातलं काहीही चालेल, सगळीकडून १०-१५ मिनिटांत मध्यात येता. बुक करताना तीन गोष्टी लेखी विचारा: लिफ्ट आहे का, किचन आहे का, आणि स्वतःचं पार्किंग आहे का. "जवळ पार्किंग उपलब्ध" याचा अर्थ रस्त्यावर तुमचं तुम्ही बघा असा असतो.

रस्त्यावरचं पार्किंग रंगांवर चालतं. निळी पट्टी म्हणजे मुख्यतः रहिवाशांची, तिथून लांब राहा. नारिंगी म्हणजे बाहेरच्यांसाठी थोड्या वेळाची, जांभळी मिश्र. पाटी न वाचता निळ्यात लावलेल्या गाड्या उचलून नेतात.

१२. पार्क अँड राइडमध्ये गाडी तीन दिवस ठेवली तर?

पी+आर दिवसभरापुरते आहेत, सकाळी लावा, मेट्रोने जा, रात्री घेऊन जा, असा त्यांचा हेतू आहे. रात्रभर ठेवायचं तर प्रत्येक जागेचे नियम वेगळे, गेटवरची पाटी वाचा. प्लझेनच्या बाजूने येणाऱ्यांना झ्लिचीन सोयीचं, मेट्रो बी लाइनचं शेवटचं स्टेशन, पण कामाच्या दिवशी सकाळी लवकर भरतं. तीन रात्रींसाठी हॉटेलचं गॅरेज किंवा आधी बुक केलेलं खासगी गॅरेज हेच बरं. गाडीवर रूफ बॉक्स असेल तर प्रश्न २१ वाचल्याशिवाय गॅरेज बुक करू नका.

१३. स्ट्रोलर न्यायचा की कॅरिअर? मेट्रोत लिफ्ट असतात का?

दोन्ही न्या. मोठ्या चाकांचा स्ट्रोलर असेल तर तो, छत्रीसारखी घडी होणारा लहान चाकांचा जुन्या शहरातल्या दगडी फरशीवर अडकतो आणि आतलं बाळ खडखडून जागं होतं. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाहीत आणि सरकते जिने खोल आणि जोरात पळणारे आहेत, नामेस्ती मीरूचा जिना ८७ मीटर लांब आहे, वर यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. मोठ्या मुलांना तो जिना हीच एक राइड वाटते, स्ट्रोलरवाल्यांना घाम फुटतो. म्हणून लहान बाळ असेल तर मेट्रोपेक्षा ट्राम धरा, नव्या ट्राम खालच्या मजल्याच्या असतात आणि टाइमटेबलवर व्हीलचेअरचं चिन्ह असतं त्या गाडीला थेट चढता येतं.

तिकिटाचं म्हणाल तर प्रागमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना शहर वाहतूक फुकट आहे (१० च्या पुढच्या मुलाच्या वयाचा पुरावा बरोबर ठेवा), स्ट्रोलरचे पैसे नाहीत. मोठ्यांनी २४ किंवा ७२ तासांचं घ्या. कागदी तिकीट एकदा पिवळ्या मशीनमध्ये पंच करावंच लागतं, न केलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही, आणि साध्या कपड्यातले चेकर टुरिस्ट भागातच जास्त असतात. ट्राममध्ये मधल्या दारापाशी कार्डाने तिकीट काढता येतं.

१४. मुलांसोबत नक्की काय बघायचं? यादी मोठी आहे.

यादी अर्धी करा, मग परत अर्धी करा. माझी निवड:

पहिलं, प्राग झू. त्रोया भागात आहे, १९३१ मध्ये सुरू झालेलं, डोंगराच्या उतारावर पसरलेलं, मेट्रो सी लाइनच्या नाद्राझी होलेशोवित्सेवरून ११२ नंबरची बस. पूर्ण दिवस जातो. इथले प्रेझवाल्स्की घोडे नक्की दाखवा, ही रानटी घोड्यांची जात जंगलातून संपली होती आणि या झूने ते घोडे विमानाने मंगोलियात परत नेऊन सोडले, ही गोष्ट सहा-सात वर्षांच्या मुलांना फार आवडते. चढ बराच आहे, सकाळी खालून सुरू करू नका, आधी वर जाऊन उतरत या.

दुसरं, चार्ल्स ब्रिज, पण सकाळी ८ च्या आत. १३५७ मध्ये चौथ्या चार्ल्सने पाया घातलेला, ५१६ मीटर लांब, वर ३० पुतळे. सकाळी मुलं पुतळे मोजत पळू शकतात, अकरा वाजता त्याच पुलावर तुम्हाला त्यांचा हात सोडता येत नाही. पूल उतरला की कांपा बेटावर या, तिथल्या पार्कात दाविद चेर्नी या चेक शिल्पकाराची ती रांगणारी ब्राँझची अवाढव्य बाळं आहेत, मुलं त्यांच्यावर चढतात, पालक फोटो काढतात, सगळे खूश.

तिसरं, स्मिखोव्हजवळचं द्येत्स्की ओस्त्रोव्ह, म्हणजे नदीतलं एक बेट आणि त्यावर फक्त खेळण्याच्या जागा. शेजारीच बोटींचं लॉक आहे, पाणी चढतं-उतरतं आणि बोट वरखाली होते, ते बघत घसरगुंडी विसरलेली मुलं मी पाहिलीयेत. टुरिस्ट इथे जवळजवळ नसतात.

चौथं, नदीत पॅडल बोट, स्लोव्हान्स्की बेटावरून मिळतात, हंसाच्या आकाराच्याही असतात. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागून घ्या.

पेत्रीनचा टॉवर (१८९१, आयफेल बघून बांधलेला, २९९ पायऱ्या) चांगला आहे, पण डोंगरावर जाणारी केबल रेल्वे २०२४ च्या सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद केलेली, ती सुरू झालीये का हे बघूनच ठरवा, स्ट्रोलर ढकलत वर जाण्यासारखी ती चढण नाही.

१५. ते घड्याळ खरंच बघण्यासारखं आहे का? आणि किल्ला?

घड्याळ १४१० सालचं आहे आणि अजून चालतंय, हे मोठ्यांना भारी वाटतं. मुलांसाठी शो तासाला एकदा, सकाळी ९ ते रात्री ११, आणि संपतो एका मिनिटाच्या आत. अर्धा तास आधी जाऊन उभे राहणारे लोक त्या एका मिनिटानंतर "एवढंच?" म्हणतात. मुलांना आधी सांगून ठेवा काय बघायचं: सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात आणि शेवटी सोन्याचा कोंबडा ओरडतो. कोंबड्याची वाट बघायला लावली की मूल शेवटपर्यंत टिकतं. शेजारच्या टाउन हॉल टॉवरला लिफ्ट आहे, स्ट्रोलरवाल्यांना शहर वरून बघायला हीच जागा.

किल्ल्यासाठी खालून पायऱ्या चढू नका. २२ नंबरची ट्राम घेऊन प्राझ्स्की ह्राद स्टॉपला उतरा, तिथून जवळजवळ सपाट चालत आत जाता. गेटवर सिक्युरिटी तपासणी होऊ शकते, चाकू-कात्री घेऊन फळं कापायचा बेत ठेवू नका. दुपारी १२ ला पहिल्या चौकात बँडसकट गार्ड बदलतात, बाकी तासाला साधं बदलतात, लहान मुलांना साधं जास्त चांगलं कारण समोर उभं राहता येतं. सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये संपलं, हे ऐकून आमच्याकडच्या एका चिमुरड्याने विचारलं होतं की बिल्डर पळून गेला होता का. आवारात फिरायला तिकीट नाही, कॅथेड्रल आणि गोल्डन लेनला आहे. गोल्डन लेनच्या बुटक्या घरांत वर चिलखतं आणि भाले मांडलेत, मुलांना तेच लक्षात राहतं. तिकीट काढताना फॅमिली तिकीट विचारा.

१६. पाऊस लागला तर?

लेत्नावरचं नॅशनल टेक्निकल म्युझियम. एका भव्य हॉलमध्ये खाली वाफेची इंजिनं आणि जुन्या मोटारी, वर छताला टांगलेली विमानं. सोमवारी बंद. दुसरा पर्याय वेन्सेस्लास स्क्वेअरच्या टोकाचं नॅशनल म्युझियम, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. आणि आंद्येलजवळ क्रालोव्स्त्वी झेलेझ्नित्स, छोट्या मॉडेल रेल्वेचं मोठं प्रदर्शन. ट्रेनवेडं मूल असेल तर पाऊस नसला तरी जा.

१७. आम्ही शुद्ध शाकाहारी. मुलं काय खाणार? आणि पैशांचं काय, युरो चालतात का?

हॉटेलात मुलांसाठी स्माझेनी सीर, म्हणजे तळलेलं चीज आणि फ्राइज, जवळजवळ सगळीकडे मिळतं. ओवोत्सने क्नेदलीकी म्हणजे आत फळ भरलेले उकडलेले गोळे, वर चक्क्यासारखं तव्हारोह आणि साखर, पोटभर होतं. ब्रामबोराक म्हणजे बटाट्याचं धिरडं, पण ते कुठे कुठे डुकराच्या चरबीत तळतात आणि सूप बटाट्याचं असलं तरी मांसाच्या पाण्यात असू शकतं, म्हणून "बेझ मासा" (मांसाशिवाय) एवढंच म्हणून थांबू नका, चरबीबद्दल वेगळं विचारा. अंड्याचंही विचारा, क्नेदलीकीत बरेचदा असतं. रस्त्यावर सगळीकडे दिसतो तो त्र्देल्नीक गोड आणि गरम असतो, मुलं मागणारच, एक घेऊन वाटून खा.

पण खरं सांगायचं तर संध्याकाळी दमलेल्या मुलांना रूमवर मेतकूट-भात किंवा मुगाची खिचडी मिळाली की दिवस निभावतो, म्हणून किचन. जर्मनीतून तूप, दही, पीठ काहीही न्या, युरोपियन युनियनच्या आत कोणी अडवत नाही. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे.

चलन कोरुना आहे. काही दुकानं युरो घेतात पण भाव स्वतःचा लावतात. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, मशीनने "युरोत की कोरुनात" विचारलं की कायम कोरुना. थोडी नाणी टॉयलेटसाठी ठेवा. रस्त्यावर कोणी चांगला भाव देतो म्हणून नोटा बदलू नका, हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा देतात. काउंटरवर वाईट भाव लावला तर २०१९ च्या कायद्यानुसार ३ तासांच्या आत, १००० युरोपर्यंतचा व्यवहार, पावती दाखवून रद्द करता येतो, त्यामुळे पावती फेकू नका.

१८. सासू-सासरे भारतातून आलेत, सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा आहे. प्रागला नेलं तर एंट्री संपेल का?

नाही. शेंगेनच्या आत जर्मनीतून चेकमध्ये जाणं ही नवी एंट्री धरत नाहीत. बघायचं ते एवढंच की स्टिकरवर "शेंगेन देशांसाठी वैध" असं आहे, तारीख उरलीये आणि राहण्याचे दिवस उरलेत. इन्शुरन्सचा कागद बरोबर ठेवा. औषधं चार दिवसांची जास्तीची. ते भारतातून पेढे, तूप, पनीर आणणार असतील तर तो प्रश्न प्रागचा नाही, जर्मनीच्या विमानतळाचा आहे: युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, लहान बाळाच्या फॉर्म्युलासारख्या गोष्टींनाच ठरलेल्या वजनापर्यंत सूट.

१९. बाळ ३ महिन्यांचं आहे, भारतीय पासपोर्ट आलाय पण रेसिडेन्स कार्ड आलेलं नाही. किंवा आमचं रिन्युअल चालू आहे, हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग (नवं कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता कागद) आहे. जाऊ का?

मी जाणार नाही. गाडीत कोणी बघत नाही असं लोक सांगतात, पण परतीला जर्मन पोलीस बघतात (प्रश्न २२), आणि तेव्हा मागे रडणारं बाळ घेऊन समजावत बसायची वेळ येते. फिक्त्सिओन्सवाल्यांनी आपल्या आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या ऑफिसला) ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं, त्यात कुठला चौकोन टिक केलाय यावर बरंच ठरतं. बाळाला जन्माने जर्मन नागरिकत्व मिळालं असेल तर जुना किंडररायझेपास (मुलांचा पासपोर्ट) आता मिळत नाही, १ जानेवारी २०२४ पासून बंद झाला, नेहमीचा पासपोर्ट किंवा पेर्सोनालाउसवाइस (ओळखपत्र) काढावा लागतो, आणि त्याला काही आठवडे लागू शकतात.

२०. मूल आजारी पडलं किंवा गर्दीत हरवलं तर?

कुठल्याही इमर्जन्सीला ११२, अँब्युलन्सचा थेट नंबर १५५, पोलीस १५८. जर्मनीच्या सरकारी इन्शुरन्स कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन हेल्थ कार्ड असतं, ते चेकमध्ये चालतं, प्रत्येक मुलाचं वेगळं न्या. मुलांचा मोठा विभाग असलेलं हॉस्पिटल म्हणजे मोतोल, मेट्रो ए लाइनचं शेवटचं स्टेशन त्याच्याच नावाचं आहे. ताप, उलटी, खोकला यांची नेहमीची औषधं घरून न्या, रात्री अनोळखी शहरात औषधाचं दुकान शोधत फिरावं लागत नाही. हरवण्याचं म्हणाल तर घड्याळासमोर आणि पुलावर, या दोनच जागा खऱ्या गर्दीच्या. मुलाच्या मनगटावर पेनाने तुमचा नंबर देशाच्या कोडसकट लिहा आणि सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यात एक फोटो काढून ठेवा.

२१. गाडीवर रूफ बॉक्स आहे, गॅरेजमध्ये जाईल का?

बहुतेक नाही. शहरातल्या जुन्या इमारतींच्या गॅरेजची उंची १.९ ते २ मीटरच्या आसपास असते आणि साधी कॉम्बी गाडी बॉक्ससकट त्याच्या वर जाते. घरीच टेपने मोजा, बॉक्सच्या सगळ्यात उंच भागापासून जमिनीपर्यंत, आणि तो आकडा हॉटेलला कळवून हो म्हणवून घ्या. काही ठिकाणी गॅरेजला गाडी नेणारी लिफ्ट असते, तिथे लांबी आणि वजनही विचारा. दोन मुलांपर्यंत बॉक्स न नेता भागवणं हाच सोपा मार्ग.

२२. परत येताना बॉर्डरवर रांग लागते का? आता तर शेंगेन आहे ना?

लागते. जर्मनीने चेक बॉर्डरवर ऑक्टोबर २०२३ पासून तात्पुरती तपासणी सुरू केली आणि सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर. जाताना चेक बाजूला सहसा कोणी थांबवत नाही, येताना वाइडहाउसला गाड्या एका लेनमध्ये घेतात. रविवारी संध्याकाळी आणि बव्हेरियाच्या शाळांच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यात वाईट. सकाळी निघा, किंवा प्लझेनला वेळ काढून (प्रश्न १०) रात्री जेवून मग बॉर्डर गाठा. सगळ्यांचे पासपोर्ट आणि कार्डं पुढच्या सीटजवळ एका पाकिटात, डिकीतल्या बॅगेत नको, आणि रोझवाडोव्हच्या आधीच मुलांना टॉयलेटला नेऊन आणा.

२३. माझ्याकडे भारतीय लायसन्स आहे, अर्धा रस्ता मी चालवू का?

तुम्ही जर्मनीत राहायला येऊन ६ महिने झाले असतील तर जर्मनीत ते लायसन्स चालत नाही, भारतातून काढलेलं इंटरनॅशनल परमिट असलं तरी नाही, म्हणजे पहिल्या २०० किमीचाच प्रश्न मिटतो. फिरायला आलेले आई-वडील किंवा भाऊ चालवणार असतील तर भारतीय लायसन्स आणि भारतातून काढलेलं इंटरनॅशनल परमिट दोन्ही बरोबर हवीत. शिवाय गाडीच्या इन्शुरन्समध्ये कोण चालवू शकतं हे बघा, बऱ्याच पॉलिसी फक्त नवरा-बायकोपुरत्या असतात, चार दिवसांसाठी जास्तीचा ड्रायव्हर फोनवर जोडून मिळतो. भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात हवं, आणि गाडी चेकमध्ये नेणार हे घेतानाच सांगा, काही कंपन्या महागड्या मॉडेलना तिकडे न्यायला परवानगी देत नाहीत.